एहिमे मारू

जपानच्या एहिमे प्रांताचे मासेमारी प्रशिक्षण जहाज. शिकोकू बेटावरील उवाजिमा येथील मत्स्य विद्यालयाच्या (उच्च माध्यमिक) विद्यार्थ्यांना खोल समुद्रातील मासेमारी शिकवण्यासाठी ते 1996 मध्ये बांधण्यात आले. लांबी सुमारे 58 मीटर, टनभार 499. 9 फेब्रुवारी 2001 रोजी हवाई बेटांजवळ अमेरिकी नौदलाच्या ‘ग्रीनव्हिल’ या अणुपाणबुडीची धडक बसून ते बुडाले.

प्रशिक्षण : जपानमधील बहुतेक मत्स्य विद्यालये प्रांतिक सरकारे चालवतात आणि प्रशिक्षण जहाजावरील सफर हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग असतो. एहिमे मारूवर मुख्यतः ट्यूना (कुपा) पकडण्याची लांबदोरी पद्धत शिकवली जाई. जहाज चालू असतानाच मागील बाजूने कित्येक किलोमीटर लांबीचा मुख्य दोर पाण्यात सोडतात. त्याला ठरावीक अंतरावर फाटे असतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला आमिष लावलेला गळ. दोर हव्या त्या खोलीवर राहावा म्हणून मध्ये मध्ये बोये बांधतात. काही तासांनी यंत्राने दोर ओढून घेतला, की मासा डेकवर येताच त्याचे रक्त काढून, आतडी साफ करून तो गोठवावा लागतो. हातांना झालेली ही सवय, रात्रीची पहारापाळी आणि डुलत्या डेकवरचा तोल वर्गात शिकवता येत नाही. जहाजाची गरज त्यासाठीच असते.

अपघात : 10 जानेवारी 2001 रोजी जहाज मिसाकी बंदरातून निघाले. होनोलुलूला थांबून 9 फेब्रुवारीला ते पुन्हा समुद्रात उतरले, तेव्हा त्यावर 20 खलाशी, 2 शिक्षक आणि 13 विद्यार्थी होते. त्याच दिवशी ग्रीनव्हिलवर 16 नागरिक पाहुणे होते. त्यांना दाखवण्यासाठी पाणबुडीने तातडीने पृष्ठभागावर येण्याचे प्रात्यक्षिक केले. यात टाक्यांतील पाणी उच्च दाबाच्या हवेने बाहेर ढकलले जाते आणि पाणबुडी वेगाने वर उसळते. एकदा सुरू झालेली ही क्रिया थांबवता येत नाही. त्यापूर्वी पेरिस्कोपमधून केलेली पाहणी नेहमीपेक्षा आटोपती होती, आणि जवळपास जहाज असल्याचा यंत्रांवर मिळालेला संकेत कप्तानापर्यंत पोचला नाही. दुपारी पावणेदोनच्या सुमारास, ओआहू बेटाच्या दक्षिणेस, पाणबुडीच्या सुकाणूने जहाजाचा तळ चिरला. जहाज काही मिनिटांतच बुडाले. 26 जण वाचले. 4 विद्यार्थी, 2 शिक्षक व 3 खलाशी दगावले.

परिणाम : नौदलाच्या चौकशीनंतर कप्तान स्कॉट वॉडल यांच्यावर ठपका ठेवण्यात आला व ते निवृत्त झाले, लष्करी खटला चालला नाही. जपानमध्ये यावरून संताप उसळला. अपघाताची बातमी कळूनही गोल्फ खेळत राहिल्याबद्दल पंतप्रधान योशिरो मोरी यांच्यावर सडकून टीका झाली. सुमारे 600 मीटर खोलीवर पडलेले जहाज अमेरिकी नौदलाने उचलून उथळ पाण्यात आणले. ऑक्टोबर 2001 मध्ये गोताखोरांनी नऊपैकी आठ मृतदेह बाहेर काढले. एक विद्यार्थी सापडला नाही. नोव्हेंबरमध्ये जहाज खोल समुद्रात कायमचे बुडवण्यात आले. 2002 मध्ये अमेरिकेने एहिमे प्रांताला सुमारे 1.15 कोटी डॉलर भरपाई दिली. मृतांच्या कुटुंबीयांशी व वाचलेल्यांशी स्वतंत्र तडजोडी झाल्या. होनोलुलूच्या काकाआको किनारा उद्यानात 9 फेब्रुवारी 2002 रोजी स्मारकाचे अनावरण झाले. त्याच वर्षी याच नावाचे नवे जहाज बांधण्यात आले आणि उवाजिमाच्या विद्यार्थ्यांचे सागरी प्रशिक्षण त्यावर पुढे सुरू राहिले.