गुआन यूच्या हातातले शस्त्र

जपानच्या कोएई कंपनीची ‘डायनॅस्टी वॉरियर्स’ ही खेळमालिका १९९७पासून चीनच्या तीन राज्यांच्या काळातले वीर पडद्यावर आणत आहे. तिच्यातल्या गुआन यूच्या हाती पहिल्यापासून चंद्रकोरीच्या पात्याचे, लांब दांड्याचे शस्त्र आहे. इ.स. २००मधल्या बाईमाच्या लढाईत मात्र त्याने यान ल्यांगला ‘भोसकले’, असे तिसऱ्या शतकातला इतिहासकार चेन शोऊ लिहितो. म्हणजे हाती बहुधा भाला असावा. कोरीच्या पात्याची नोंद १०४४च्या ‘वूजिंग झोंगयाव’ या युद्धग्रंथात सापडते. ते गुआन यूला दिले नंतरच्या कथाकारांनी.

सुन शांगश्यांगचे उलटे. चेन शोऊच्या ग्रंथात तिचे नावही नाही. आहेत त्या तिच्या शंभरावर शस्त्रधारी दासी. खेळकर्त्यांना मोकळे रान मिळाले: पाचव्या भागात चक्रे, २००७च्या सहाव्यात धनुष्य, २०११च्या सातव्यात पुन्हा चक्रे.

लोकांच्या मनात ठसलेल्या शस्त्राला हात लावायची छाती कुणाची झाली नाही. जिच्याविषयी इतिहास गप्प, तिचे शस्त्र मात्र कुणीही बदलावे. आपल्या बखरी चाळतानाही मी आता आधी हेच विचारतो: हे शस्त्र कागदातले, की चित्रातले?