लेकी बोले, सुने लागे : माणगाव परिसरातील घरगुती थट्टेचा इतिहास

घरात कोणी कोणाची थट्टा करायची, हे जुन्या मराठी कुटुंबात नात्यानेच ठरलेले असे. भावजयीने धाकट्या दिराची फिरकी घ्यावी; थोरल्या दिरासमोर मात्र पदर सावरून गप्प राहावे. आतेभाऊ आणि मामेबहीण यांची चिडवाचिडवी तर लहानपणापासूनच सुरू होई, कारण अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची रीत होती आणि थट्टेतला नवरा उद्या खरा ठरू शकत होता. सासऱ्याशी विनोद नाही, चारचौघांत नवऱ्याशीही नाही. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० मध्ये अशा नात्यांवर लेख लिहिला. ज्या नात्यात तेढ संभवते पण भांडण परवडत नाही, तिथे समाज थट्टेची सोय करतो, असे त्याचे म्हणणे. मराठीत हीच गोष्ट ‘लेकी बोले, सुने लागे’ या म्हणीत फार आधी सांगून झाली आहे.

माणगाव हे दक्षिण रायगडातले काळ नदीकाठचे तालुक्याचे गाव. निजामपुरावरून ताम्हिणी घाट चढले की मुळशी लागते, दक्षिणेला महाड, पश्चिमेला म्हसळे-श्रीवर्धनचा किनारा. पूर्वीच्या माणगाव तालुक्यात आणि आज तळा तालुक्यात येणारी कुडा लेणी राजपुरीच्या खाडीजवळ आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत शिवभूती नावाच्या लेखनिकाचे घराणे भेटते : भाऊ, भावजय, पुतणे, आणि खांबांचा खर्च उचलणाऱ्या पुतण्या. दानलेखात गंमत कोण कोरणार? ती त्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’त सापडते. सातवाहन राजा हाल याच्या नावावरच्या या महाराष्ट्री प्राकृत संग्रहात सुमारे ७०० गाथा आहेत, आणि सासू, दीर, परगावी गेलेला नवरा, चुलीपाशी तोंडाला काजळी लागलेली गृहिणी ही त्यातली नेहमीची पात्रे आहेत.

सोळाव्या शतकात एकनाथांनी हे घर भारुडात आणले. त्यांच्या एका प्रसिद्ध भारुडातली सून देवीला नवस बोलते तो सासरच्या एकेका माणसाला वाटेतून दूर करण्यासाठी, आणि शेवटी नवऱ्याचाही नंबर लागतो. अर्थ आध्यात्मिक आहे, सासर म्हणजे प्रपंच आणि विकार. पण ऐकणाऱ्या बायका हसत असतील त्या पहिल्या अर्थावरच. सुनेच्या मनातले एरवी ओठांवर आणता न येणारे बोल देवळासमोर, मृदंगाच्या साथीने, गावादेखत बोलले जात होते.

घरात मात्र अशा बोलण्याची जागा होती जाते. पहाटे दळायला बसलेल्या बाईला अडवणारे कोणी नसे, आणि जात्याच्या घरघरीत शब्द अर्धे बुडत. माहेरचे कौतुक, भावाची वाट, विठ्ठल हे ओवीचे मोठे विषय. पण नणंदेचा तोरा आणि सासूचा हात आखडता असणे यांवरचे टोमणेही त्यात भरपूर आहेत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी घाटापलीकडच्या मुळशी-मावळापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायकांकडून ओव्या मिळवल्या. हा संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. ओवी म्हणताना सासूचे नाव घ्यावे लागत नाही, ‘सासुरवास’ एवढे म्हटले की पुरते. शेजारी बसलेल्या सासूने ऐकले तरी ती तरी काय म्हणणार? तीही कधी सूनच होती, आणि तिलाही त्याच ओव्या पाठ होत्या.

भोंडला आणि मंगळागौर या खेळांची गाणी अधिक धीट. वेड्या नवऱ्याच्या गाण्यात बायकोने केलेले लाडू तो चेंडू समजतो, करंज्या होड्या समजून पाण्यात सोडतो, आणि झोपलेल्या बायकोला मेलेली समजतो. मुलींना शिकवलेले हे गाणे इतके काळेकुट्ट आहे याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

कोकणात या साऱ्याला आणखी एक कारण मिळाले : मुंबई. १८५० च्या दशकात तिथे कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि पुढच्या शंभर वर्षांत माणगाव-महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या घराघरांतून पुरुष चाकरमानी झाले. शेत, गुरे, सासू-सासरे बायकांच्या अंगावर; नवरा वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गौरी-गणपतीला. सणाच्या त्या मोजक्या दिवसांत वर्षभराचे बोलणे उरकायचे असे. तेरड्याच्या गौरी आल्या, नव्या सुनांचा सुपांचा ववसा झाला, की रात्री फुगड्या आणि फेर. मुंबईहून आलेल्याची पँट, त्याची बदललेली बोली, सगळ्यांची फिरकी घ्यायला ही रात्र मोकळी. शिमग्यात पुरुष लुगडी नेसून सोंगे काढत आणि एरवी तोंडातून न निघणारे शब्द होळीपुढे ओरडून म्हणत.

याच चाकरमान्यांनी शक्ती-तुरा जोपासला. जाखडी किंवा बाल्या नाच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात दोन पक्ष असतात. शक्तीवाले देवी श्रेष्ठ म्हणतात, तुरेवाले शिव. पुराणातले दाखले देत शाहीर सवाल-जबाब करतात, पण ऐकणाऱ्याला कळायचे ते कळते : घरात मोठे कोण, बाई की बुवा? नवराबायकोच्या भांडणाला कैलासावर नेऊन रात्रभर रंगवण्याची ही युक्ती आहे. ते सामने गावच्या मांडवापुरते उरले नाहीत. परळच्या दामोदर नाट्यगृहातही भरू लागले.

छापील विनोद शहरात वाढला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’, मग चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांचा चिमणराव. जोशींच्या लेखनात मध्यमवर्गीय कुटुंबाची फजिती हाच विषय झाला, आणि दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ साकारले तेव्हा ती फजिती घराघरांत पोचली. फरक एवढाच की इथे हसणारा स्वतः घरचा कर्ता पुरुष होता आणि स्वतःलाच हसत होता. जात्यावरच्या बाईला ही चैन नव्हती.

विजेच्या गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. ओवीची रोजची वेळही त्याबरोबर संपली. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या कापडगिरण्याही सावरल्या नाहीत. १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा माणगावातून सुरू झाला आणि मुंबईची वाट सोपी झाली; वर्षभराचे बोलणे सणापर्यंत साठवायचे कारण उरले नाही.

उखाणा मात्र टिकला. हा शब्द मुळात कोड्याचा. बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, या बंधनातून पळवाट म्हणून ते यमकात लपवले गेले. पहिल्या ओळीचा दुसरीशी सहसा काहीच संबंध नसतो, यमकापुरती ती बांधलेली असते, आणि खरी गंमत त्या ओढाताणीतच आहे. आता माणगावात काय नि मुंबईत काय, बहुतेक नव्या सुना नवऱ्याला दिवसभर नावानेच हाक मारतात. तरी गृहप्रवेशाच्या वेळी नणंद उंबरठ्यावर आडवी उभी राहते, नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही, आणि हल्ली नवऱ्यालाही घ्यायला लावते.