तरुणांचा शब्द

विवाह कोणीं ठरवावा, वधूवरांनीं कीं त्यांच्या आईबापांनीं, हा वाद निघाला कीं आपल्याकडील सुशिक्षित घरांत एक समजूत हटकून बोलून दाखविली जाते. ती अशी कीं, ख्रिस्ती लोकांत तरुण मुलगे व मुली आपली निवड आपणच करतात, त्यांचा धर्म त्यांस तसें करूं देतो, आणि म्हणून आपल्याकडे माजतो तसा कलह त्यांच्या घरीं माजत नाहीं. इतिहास पाहूं गेल्यास ह्या समजुतीचा पहिला भाग अर्धा खरा आणि शेवटचा साफ खोटा ठरतो. तो इतिहास थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाराव्या शतकांत पश्चिम युरोपांतील धर्मशास्त्र्यांपुढें प्रश्न आला कीं, विवाह नेमका कशानें सिद्ध होतो? बापाच्या दानानें, धर्मगुरूच्या आशीर्वादानें, कीं शरीरसंबंधानें? बोलोन्याच्या ग्रेशियननें ११४० च्या सुमारास संमति व शरीरसंबंध ह्या दोहोंस स्थान दिलें. पॅरिसच्या पीटर लोंबार्डनें संमतीवरच भर दिला. पुढें पोप तिसरा अलेक्झांडर (११५९–११८१) ह्याच्या निर्णयांनीं नियम रूढ झाला. मुलगा चौदा व मुलगी बारा वर्षांची असून त्यांनीं ‘मी तुला वरितों’, ‘मी तुला वरितें’ असें वर्तमानकाळीं परस्परांस म्हटलें, कीं विवाह झाला. ‘वरीन’ असें भविष्यकाळीं वचन देऊन मागाहून शरीरसंबंध घडला, तरीही झाला. आईबाप, धर्मगुरु, साक्षीदार ह्यांपैकीं कोणाचीही त्यास आवश्यकता नव्हती. १२१५ च्या लॅटरन परिषदेनें चोरून लग्न करण्यास बंदी केली खरी; परंतु त्यामुळें तें कृत्य पाप ठरलें, लग्न रद्द ठरलें नाहीं.

हा नियम घरोघरीं काय करीत असे, हें इंग्लंडांतील नॉरफोक प्रांतांतल्या पॅस्टन घराण्याच्या पत्रांवरून दिसतें. मार्जरी पॅस्टन ही ह्या घरची मुलगी. तिनें घरच्याच कारभाऱ्याशीं, रिचर्ड कॉल ह्याच्याशीं, गुप्तपणें विवाहाचे शब्द उच्चारले. घरांत गहजब झाला. आपली बहीण फ्रॅमलिंगहॅमच्या बाजारांत मेणबत्त्या व मोहरी विकीत बसणार काय, असा एका भावाचा संताप होता. ह्या मानी घराण्याचा मूळपुरुष, म्हणजे मार्जरीचा पणजोबा, स्वतः साधा शेतकरी होता, ह्याचें स्मरण त्या वेळीं कोणास झालें नसावें! दोघांची ताटातूट करण्यांत आली. कॉलनें तिला एक पत्र लिहिलें आणि वाचतांच जाळून टाक म्हणून विनविलें. तें पत्र मात्र आजतागायत शिल्लक आहे.

अखेर १४६९ च्या सप्टेंबरांत नॉरिचच्या बिशपनें मार्जरीस बोलाविलें. आई व आजी आधींच त्याजकडे जाऊन आल्या होत्या. बिशपनें तिला कुळाची, आप्तांची व होऊं घातलेल्या नाचक्कीची आठवण दिली. परंतु शेवटीं त्यास विचारावें लागलें तें एवढेंच: तूं नेमके कोणते शब्द बोललीस? तिनें ते सांगितले आणि वर असेंही बजाविलें कीं, तेवढ्यानें बंधन पक्कें होत नसेल तर येथून जाण्यापूर्वीं मी तें अधिक पक्कें करितें. मग कॉलला वेगळें विचारण्यांत आलें. दोघांचें म्हणणें जुळलें. त्याच दिवशीं आईनें तिला घराचा दरवाजा बंद केला. विवाह मात्र कायम राहिला. बिशपची सहानुभूति आईकडे होती; पण नियम मुलीकडे होता.

ह्यावरून त्या नियमाचें केवळ गुणगान करणें योग्य होणार नाहीं. मार्जरीस शब्दाला जागणारा पुरुष भेटला. ज्यांस तसा भेटला नाहीं, त्यांची गाऱ्हाणीं धर्मन्यायालयांच्या दप्तरांत भरून राहिलीं आहेत. एकान्तांत दिलेलें वचन पुरुष नाकारी आणि पोटांत मूल असलेल्या स्त्रीजवळ पुरावा नसे. साक्षीवांचून दिलेलें स्वातंत्र्य दुबळ्याच्या हातीं फार काळ टिकत नाहीं, हा धडा त्यांत आहे.

म्हणून पुढें नियम बदलला. आईबापांनीं सक्ती करूं नये व अडथळाही आणूं नये, पण मुलांनींही त्यांच्या संमतीवांचून वचनबद्ध होऊं नये, असें लूथरनें १५२४ सालीं लिहिलें. फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीनें १५५६ च्या फर्मानानें पुरुष तीस व स्त्री पंचवीस वर्षांची होईपर्यंत आईबापांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणारांचा वारसा काढून घेण्याची मुभा दिली. ट्रेंटच्या परिषदेवर फ्रेंचांनीं पुष्कळ दडपण आणलें; परंतु १५६३ सालीं तिनें धर्मगुरु व दोन-तीन साक्षीदार आवश्यक केले, आईबापांची संमति नाहीं. इंग्लंडांत जुना नियम १७५३ च्या हार्डविकच्या कायद्यापर्यंत चालला. त्या कायद्यानें एकवीस वर्षांखालील मुलांच्या परवान्याच्या लग्नास बापाची संमति लागूं लागली, आणि प्रेमी जोडपीं स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील ग्रेटना ग्रीनकडे पळूं लागलीं.

ह्या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाईंनीं पतीकडे नांदावयास जाण्याचें नाकारिलें, तेव्हां दादाजी भिकाजींनीं १८८४ सालीं दावा लाविला. नांदावयास भाग पाडण्याचा हा उपाय हिंदु धर्मशास्त्रांतील नव्हे. तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आला, हें १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे ह्यांनीं दाखवून दिलें आणि दावा फेटाळिला. अपिलांत तो निकाल फिरला. १८८७ च्या मार्चांत रखमाबाईंस नांदावयास जा अथवा सहा महिने तुरुंगांत जा असें सांगण्यांत आलें. १८८८ सालीं पैसे देऊन तंटा मिटला. ज्या धर्मन्यायालयांनीं मार्जरीस ‘तूं काय बोललीस?’ असें विचारिलें, त्यांचें शस्त्र मुंबईस आलें. तो प्रश्न मात्र वाटेंतच राहिला.

हा दोष एका धर्माचा नव्हे. तरुणांचा शब्द मोलाचा आहे असें म्हणणें सोपें. तो आपल्याच घरांत, आपल्या मनाविरुद्ध उच्चारला गेला असतां ऐकून घेणें कठीण. मार्जरीच्या आईनें दार लाविलें खरें. पण १४८२ च्या मृत्युपत्रांत तिनें मार्जरीच्या मुलास वीस पौंड ठेविले. तेरा वर्षांनीं का होईना, दार किलकिलें झालें. आमच्या घरांतील दारांस तेवढा वेळ लागूं नये, इतकीच आमची इच्छा आहे.