लेन डॉसन : मैदानातून घराघरांत

स्मरणिकेच्या संपादकांनी माझ्याकडे इतिहासपर लेख मागितला, तेव्हा पानिपत किंवा होळकरशाही असा काही विषय हाती येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर लिहिणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. मी लिहितो आहे ते अमेरिकेतील एका खेळाडूविषयी. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने पाच गावांचे पाणी प्यालेल्या माणसाला एक प्रश्न नेहमीच छळतो. परक्या गावी गेलेला माणूस त्या गावाचा होतो, तो नेमका केव्हा? या गृहस्थांच्या चरित्रात त्या प्रश्नाचे उत्तर मला काही अंशी सापडले असे वाटते.

2022 च्या ऑगस्टमध्ये मी रजा घेऊन पुतण्याकडे गेलो होतो. कॅन्सस सिटीच्या एका उपनगरात तो राहतो. हे शहर मोठे गमतीचे आहे. नाव कॅन्ससचे, पण मुख्य शहर वसले आहे शेजारच्या मिसुरी राज्यात. रात्री दहा वाजता स्थानिक बातम्या लागत आणि त्यांत रोज एकाच वृद्ध गृहस्थाच्या प्रकृतीची वार्ता असे. शेजारचे आजोबा परसातले टोमॅटो घेऊन आले तेव्हा तेही प्रथम त्याच विषयावर बोलले. घरातले वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळावे, तसा त्यांचा स्वर होता. ते वृद्ध गृहस्थ म्हणजे लेन डॉसन.

येथे थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. त्यांचा फुटबॉल लांबट चेंडूने आणि मुख्यतः हातांनी खेळतात. त्यात क्वार्टरबॅक नावाचा जो खेळाडू असतो, तो आक्रमणाचा सूत्रधार. प्रत्येक डावपेच तो सहकाऱ्यांना सांगतो, चेंडू त्याच्या हाती येतो, आणि पुढे कोणाकडे फेकायचा याचा निर्णय त्याला क्षणार्धात करावा लागतो. डॉसन हे क्वार्टरबॅक होते.

त्यांचा जन्म 1935 साली ओहायो राज्यातील अलायन्स या गावी, अकरा भावंडांच्या कुटुंबात झाला. पर्ड्यू विद्यापीठात नाव कमावल्यावर 1957 साली पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाने पहिल्याच फेरीत त्यांची निवड केली. पण पुढे घडले ते बाकावर बसून राहणे. पिट्सबर्गला तीन वर्षे, क्लीव्हलँडला दोन. पाच हंगामांत मिळून त्यांच्या वाट्याला चेंडूच्या अवघ्या 45 फेकी आल्या. आमच्या कचेरीत ज्याला 'अडगळीत टाकणे' म्हणतात, तोच हा प्रकार. 1962 साली पर्ड्यूचे त्यांचे जुने मार्गदर्शक हँक स्ट्रॅम यांनी त्यांना डॅलस टेक्सन्स या संघात बोलावून घेतले. हा संघ अमेरिकन फुटबॉल लीग या नव्या, प्रतिस्पर्धी संघटनेचा. त्याच वर्षी डॉसन यांच्या फेकींवर 29 टचडाउन झाले, आणि संघाने ह्यूस्टनला 20-17 असे हरवून लीगचे विजेतेपद मिळविले.

पण डॅलसला दोन संघ पोसणे शक्य नव्हते. मालक लमार हंट यांनी 1963 मध्ये आपले बिऱ्हाड कॅन्सस सिटीला हलविले. तेथील महापौर रो बार्टल यांनी संघ आणण्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. त्यांना लोक 'चीफ' म्हणत, त्यावरून संघाचे नाव 'चीफ्स' पडले. अशा रीतीने अठ्ठावीस वर्षांचे डॉसन एका अनोळखी गावी येऊन दाखल झाले. आरंभी प्रेक्षकही बेताचेच येत.

अमेरिकेत राष्ट्रीय वाहिन्यांचे कार्यक्रम निरनिराळ्या शहरांतील केंद्रे दाखवितात, आणि प्रत्येक केंद्राचे स्वतःचे संध्याकाळचे व रात्रीचे वार्तापत्र असते. त्यात गावातली आग, नगरपालिकेतले भांडण, हवामान आणि खेळ. खेळाचा निवेदक मोजकी मिनिटे बोलतो. पण तो रोज बोलतो, आणि घरातली सारी मंडळी समोर बसलेली असतात. 1966 साली कॅन्सस सिटीच्या केएमबीसी या केंद्राने डॉसन यांना क्रीडाविभागाचे प्रमुख नेमले. विशेष हे की ते त्या वेळी चीफ्सचे क्वार्टरबॅक म्हणून खेळतच होते! दिवसा सराव करावा, आणि संध्याकाळी कोट-टाय चढवून कॅमेऱ्यापुढे बसावे.

आमच्यासारख्या सरकारी नोकरांना या व्यवस्थेचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही. आकाशवाणीवर चार शब्द बोलायचे झाले तरी आचारनियमांची पुस्तिका उघडून विषय साहित्याचा आहे की नाही हे पाहावे लागते. येथे तर संघाचा सूत्रधारच संघाची बातमी सांगणारा! हितसंबंधांचा हा गुंता माझ्या मते निर्दोष नव्हता, आणि आज कोणी तसे करू पाहील तर त्यावर गहजब होईल. तरीही तो तेथे निभावला, याचे कारण माणसात शोधावे लागेल. डॉसन यांचा स्वर संथ होता. आरडाओरड नाही, आत्मस्तुती नाही. 15 जानेवारी 1967 रोजी लॉस एंजेलिस येथे झालेल्या पहिल्या सुपर बोलमध्ये चीफ्सचा ग्रीन बेकडून 35-10 असा पराभव झाला. त्या सामन्याच्या मध्यंतरातले त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: घडीच्या खुर्चीवर थकून बसलेले, ओठांत सिगारेट, पायाशी शीतपेयाची बाटली.

आता 1970 चा प्रसंग. त्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीमुळे डॉसन अनेक सामने खेळू शकले नव्हते. त्याच काळात त्यांचे वडीलही निवर्तले. एवढे होऊनही चीफ्स पुन्हा सुपर बोलला पोहोचले. सामना 11 जानेवारीचा. त्याआधीच्या मंगळवारी एका राष्ट्रीय वाहिनीच्या संध्याकाळच्या वार्तापत्रात सांगितले गेले की जुगाराच्या एका सरकारी चौकशीत डॉसन यांना साक्षीसाठी बोलाविले जाणार आहे. डेट्रॉइटमध्ये एक इसम पकडला गेला होता. त्याचेही आडनाव डॉसन. नाते काही नव्हते. त्याची आपली जुजबी ओळख असून दुखापतीच्या वेळी आणि वडील गेल्यावर त्याने दूरध्वनी केला होता, असे लेन डॉसन यांनी निवेदन देऊन स्पष्ट केले. त्यांच्यावर आरोप असा कधी ठेवलाच गेला नाही. पण ते चार-पाच दिवस कसे गेले असतील याची कल्पनाच करावी. रोज संध्याकाळी पडद्यावरून बातम्या सांगणारा मनुष्य त्याच पडद्यावर स्वतःच बातमी होऊन बसला होता, आणि तीही कोणती, तर बेइमानीच्या संशयाची. ज्याच्यावर आयुष्यात एकदा तरी निनावी अर्ज झाला आहे, त्याला ही रात्रीची तळमळ निराळी समजावून सांगायला नको.

न्यू ऑर्लीन्सच्या ट्युलेन मैदानावर चीफ्सनी मिनेसोटा व्हायकिंग्जना 23-7 असे पराभूत केले. जाणत्यांचा कौल मिनेसोटाच्या बाजूचा होता. डॉसन यांच्या 17 फेकींपैकी 12 अचूक पोहोचल्या. त्यांतली एक ओटिस टेलर यांनी पकडून 46 यार्डांचे टचडाउन केले. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून डॉसन यांचीच निवड झाली. हीच कहाणी पराजयाने संपली असती, तर निर्दोष असूनही तो डाग कदाचित जन्मभर चिकटून राहिला असता, हा विचार मला अस्वस्थ करतो.

1975 च्या हंगामानंतर, चाळिशीला पोहोचल्यावर, ते खेळातून निवृत्त झाले. केंद्राची नोकरी मात्र चालूच राहिली. देशभर दिसणाऱ्या 'इनसाइड द एनएफएल' या कार्यक्रमाचे ते 2001 पर्यंत सूत्रसंचालक होते, म्हणजे कीर्ती गावाच्या वेशीबाहेर केव्हाच गेली होती. पण बिऱ्हाड हलले नाही. केएमबीसीच्या क्रीडाविभागाचे प्रमुखपद त्यांनी 2009 साली सोडले. तोवर त्रेचाळीस वर्षे झाली होती. त्यानंतरही रेडिओवर चीफ्सच्या सामन्यांचे विश्लेषण ते 2017 पर्यंत करीत राहिले. एक पिढी अशी वाढली की तिने त्यांना खेळताना पाहिलेच नव्हते. त्या मुलांच्या लेखी ते केवळ बातम्यांतले काका होते. आपल्याकडे स्वतः रणजी खेळलेले बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाची ज्यांना सवय लागली होती, त्यांना हे नाते चटकन कळेल.

1991 साली त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला. ज्या दुखण्याविषयी पुरुष घरातही बोलत नाहीत, त्याविषयी ते उघडपणे बोलले, आणि पुरुषांनी वेळीच तपासणी करून घ्यावी असा प्रचार त्यांनी आरंभिला. किती जणांनी त्यांचे ऐकले हे कोण मोजणार? शेजारच्या आजोबांनी मात्र ऐकले होते. 'तेव्हा मी पंचेचाळिशीचा होतो,' एवढेच बोलून ते टोमॅटोंकडे वळले.

ओहायोतील कँटन येथे, म्हणजे त्यांच्या जन्मगावापासून जवळच, या खेळाचे गौरवमंदिर आहे. 1987 साली खेळाडू म्हणून आणि 2012 साली प्रसारणातील कार्याबद्दल, असा दुहेरी सन्मान त्यांना तेथे लाभला. असा मान मिळालेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. चीफ्सना दुसऱ्या सुपर बोलसाठी पन्नास वर्षे वाट पाहावी लागली. 2 फेब्रुवारी 2020 रोजी तो विजय आला, तेव्हा तो पाहायला डॉसन हयात होते.

24 ऑगस्ट 2022 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी, ते गेले. दुसऱ्याच दिवशी चीफ्सचा ग्रीन बेविरुद्ध, म्हणजे पहिल्या सुपर बोलमधल्या त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, सरावाचा सामना होता. आम्ही तो आजोबांच्या घरी पाहिला. एरवी प्रत्येक डावापूर्वी खेळाडू गोल रिंगण करून सल्लामसलत करतात. त्या दिवशी पहिल्या डावाला ते दोन ओळींत, भजनी मंडळी उभी राहावीत तसे उभे राहिले, आणि तरुण क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स त्यांच्यासमोर एकटा. मला त्यात विशेष काही दिसले नाही. आजोबा मात्र खुर्चीत सावरून बसले. स्ट्रॅमच्या वेळी आमचा संघ असाच उभा राहत असे, ते म्हणाले, आणि जिथे तो मुलगा उभा आहे तिथे लेन उभा असे.