डेरिक परेरा : बचावपटू ते प्रशिक्षक

साळगावकर क्लबच्या बचावफळीचे एकेकाळचे आधारस्तंभ आणि भारतीय संघाचे माजी बचावपटू डेरिक परेरा हे गोव्याने देशाला दिलेल्या आघाडीच्या फुटबॉल प्रशिक्षकांपैकी एक होत. राष्ट्रीय फुटबॉल लीग, फेडरेशन चषक आणि ड्युरँड चषक या तिन्ही स्पर्धा त्यांच्या मार्गदर्शनाखालील संघांनी जिंकल्या. मात्र केवळ चषकांच्या यादीवरून त्यांच्या कारकिर्दीचे मोल कळत नाही. ज्या व्यावसायिक संघांना त्यांनी आकार दिला, त्यांतील बहुतेक आज देशाच्या प्रमुख स्पर्धांत नाहीत. काही बंद पडले, काहींनी माघार घेतली. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये गेल्या दोन दशकांत झालेली उलथापालथ या एका प्रशिक्षकाच्या वाटचालीतून स्पष्ट दिसते.

साळगावकरची बचावफळी

परेरा यांची खेळाडू म्हणून ओळख घडली ती वास्कोच्या साळगावकर क्लबमध्ये. १९८० चे दशक गोव्याच्या फुटबॉलसाठी भरभराटीचे होते. १९८२-८३ मध्ये गोव्याने बंगालसह संयुक्तपणे संतोष करंडक जिंकला आणि पुढच्याच मोसमात तो एकट्याच्या बळावर राखला. क्लब पातळीवर साळगावकरने १९८८ आणि १९८९ अशी सलग दोन वर्षे फेडरेशन चषकावर नाव कोरले. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक आणि साव्हियो मदेरा यांच्यासारखा खेळाडू लाभलेल्या त्या काळातील साळगावकर संघात मध्यवर्ती बचावपटूची जबाबदारी परेरा यांनी पेलली. भारतीय संघाकडूनही ते खेळले.

मध्यवर्ती बचावपटूचे स्थान प्रशिक्षकपदाची पूर्वतयारीच मानले जाते. आघाडीपटूची पाठ बहुतेक वेळ आपल्या संघाकडे असते. बचावपटूच्या डोळ्यांसमोर मात्र संपूर्ण मैदान असते. सहकाऱ्यांना हाका मारून जागेवर ठेवणे, दोन फळ्यांमधील अंतर राखणे, प्रतिस्पर्ध्याची चाल चेंडू येण्यापूर्वी ओळखणे ही त्याची नित्याची कामे. परेरा यांनी पुढे घडविलेल्या संघांत ही शिस्त उतरलेली दिसते.

मुंबईत दुहेरी मुकुट

प्रशिक्षक म्हणून परेरा यांना सर्वांत मोठे यश मिळाले ते गोव्याबाहेर. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने त्यांच्या मार्गदर्शनाखाली २००५ मध्ये फेडरेशन चषक जिंकला आणि त्याच मोसमात, २००५-०६ मध्ये, राष्ट्रीय लीगचे विजेतेपदही पटकावले. होजे रामिरेझ बार्रेटो, युसूफ याकुबू, स्टीव्हन डायस यांसारखे खेळाडू त्या संघात होते. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ ते २००७ या काळात अकरा वेळा खेळली गेली. पंजाबच्या जेसीटीचा पहिला मोसम सोडला, तर कोलकाता आणि गोवा यांच्या मक्तेदारीला छेद देणारा संघ हा एकच. महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही संघाला ही स्पर्धा जिंकता आली नाही.

पुढे २०१० मध्ये व्यवस्थापनाने महिंद्रा युनायटेड बंद करण्याचा निर्णय घेतला. तोवर परेरा पुण्यात नव्या कामाला लागले होते.

पुण्याचा प्रयोग

पुणे एफसीची स्थापना २००७ मधील. आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून वर आलेल्या या संघाची सूत्रे २००९ मध्ये परेरा यांच्याकडे आली. पुण्याला क्लब फुटबॉलची कोलकाता वा मडगावसारखी परंपरा नव्हती. तरीही पदार्पणाच्या २००९-१० च्या मोसमात या संघाने धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स या दोन गोमंतकीय संघांपाठोपाठ तिसरे स्थान मिळविले. २०१२-१३ मध्ये तर पुणे एफसी उपविजेता ठरला. त्या वर्षी विजेतेपद चर्चिल ब्रदर्सकडे गेले. बालेवाडीच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या या संघाने युवा अकादमीही चालविली. मात्र २०१५ मध्ये हा संघही इतिहासजमा झाला.

पुन्हा वास्को

२०१३ मध्ये परेरा आपल्या जुन्या साळगावकर क्लबमध्ये प्रशिक्षक म्हणून परतले. २०१३-१४ च्या आय-लीगमध्ये साळगावकर बंगळूर एफसी आणि ईस्ट बंगालनंतर तिसऱ्या स्थानी राहिला. २०१४ मध्ये ड्युरँड चषक स्पर्धा गोव्यात झाली, तेव्हा अंतिम फेरीत साळगावकरसमोर उभा होता पुणे एफसी. परेरा यांनी चार मोसम घडविलेल्या संघाला त्यांच्याच नव्या संघाने १-० असे नमविले.

या विजयानंतर दोन वर्षेही उलटली नाहीत तोच साळगावकरने राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. इंडियन सुपर लीगला अव्वल आणि आय-लीगला दुय्यम दर्जा देणारा आराखडा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१६ मध्ये मांडला. त्याच्या निषेधार्थ साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली; धेंपोनेही तोच मार्ग धरला. हे क्लब गोव्याच्या प्रोफेशनल लीगमध्ये खेळत राहिले, पण गोमंतकीय युवकासाठी देशपातळीवर खेळण्याची दारे एका वर्षात कमी झाली.

दरम्यान, २०१५-१६ मध्ये परेरा यांनी पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सला आय-लीगमध्ये मार्गदर्शन केले. नवख्या संघाला नऊ संघांत शेवटचे स्थान मिळाले. थेट प्रवेशाच्या नियमामुळे त्याची खालच्या श्रेणीत घसरण टळली. हा संघही २०१७ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. २०१६-१७ च्या मोसमात परेरा यांनी अर्ध्यावर चर्चिल ब्रदर्सची सूत्रे हाती घेतली. परवान्याच्या निकषांमुळे स्पर्धेबाहेर राहून परतलेला हा संघ तळाशी अडकला होता. तो सावरला आणि त्याने आपले स्थान टिकविले.

एफसी गोवा आणि उशिरा आलेली संधी

२०१७ मध्ये परेरा एफसी गोवा संघात सर्जिओ लोबेरा यांचे सहायक म्हणून दाखल झाले. त्यानंतर त्यांच्याकडे तांत्रिक संचालकपद आले. २०१९ मध्ये त्यांनी २३ वर्षांखालील भारतीय संघालाही आशियाई पात्रता स्पर्धेत मार्गदर्शन केले. एफसी गोवाने २०१९-२० मध्ये लीग विजेत्यांची ढाल जिंकून एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळविला.

डिसेंबर २०२१ मध्ये मुख्य प्रशिक्षक हुआन फेरांडो मोसमाच्या मध्यावर एटीके मोहन बागानकडे गेले आणि ती जबाबदारी परेरा यांच्याकडे आली. परिस्थिती अनुकूल नव्हती. संघाची सुरुवात खराब झाली होती आणि कोविडमुळे जैवसुरक्षित वातावरणातील सामने गोव्यातच, पण प्रेक्षकांविना होत होते. एफसी गोवा अकरा संघांत नववा राहिला. केरळा ब्लास्टर्सविरुद्धचा शेवटचा सामना ४-४ असा सुटला. मोसमानंतर संघाने पुन्हा परदेशी प्रशिक्षक नेमला.

इंडियन सुपर लीगच्या सुरुवातीच्या सात मोसमांत भारतीय प्रशिक्षकाच्या वाट्याला मुख्यतः सहायकपद किंवा तात्पुरती जबाबदारीच आली. पूर्ण वेळ मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिला भारतीय नेमला गेला तो २०२१ मध्ये. नॉर्थईस्ट युनायटेडने खालिद जमील यांच्यावर विश्वास टाकला. राष्ट्रीय लीग जिंकून देणाऱ्या परेरा यांना अव्वल स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक होण्यासाठी त्या विजेतेपदानंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ जावा लागला, आणि तीही अर्ध्या मोसमापुरती.

परंपरा पुढे

तरीही बचावफळीतून प्रशिक्षकपदाकडे जाणारी गोव्याची वाट बंद झालेली नाही. २००३ मध्ये ईस्ट बंगालसह आसियान क्लब स्पर्धा जिंकणारे महेश गवळी पुढे भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच निलंबित असताना उपांत्य आणि अंतिम सामन्यात संघाची सूत्रे गवळी यांनीच सांभाळली; लेबनॉन आणि कुवेतविरुद्धचे दोन्ही सामने भारताने टायब्रेकरमध्ये जिंकले. धेंपोचे माजी कर्णधार आणि बचावपटू समीर नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपो २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतला.

परेरा यांनी चषक जिंकून दिले, नवे संघ उभे केले, घसरणारे संघ सावरले. त्यांनी घडविलेले संघ टिकविणे मात्र त्यांच्या हाती नव्हते. गोव्याच्या पुढच्या पिढीतील प्रशिक्षकांपुढेही आज हाच प्रश्न उभा आहे.