प्रकाशप्रतिरक्षा उपचार : छातीतील अर्बुदे व प्राणिप्रयोग

कर्करोगपेशीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडावर प्रकाशसंवेदी रंगद्रव्य बसवायचे, ते रक्तातून अर्बुदापर्यंत पोहोचू द्यायचे आणि मग तेवढ्याच जागी प्रकाश टाकायचा, अशी ही उपचारपद्धती. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत हिसाताका कोबायाशी यांच्या गटाने २०११ मध्ये ती उंदरांत यशस्वी करून दाखवली. आयआर ७०० या रंगद्रव्यावर ६९० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पडला की त्याचे जलस्नेही भाग गळून पडतात, रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशीपटल फाटते. बाहेरचे पाणी आत शिरून पेशी फुगते व फुटते.

छातीतील अर्बुदांवरचे बरेचसे काम जपानच्या नागोया विद्यापीठातले आहे. काझुहिदे सातो यांच्या गटाने २०२० मध्ये फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमासाठी पोडोप्लॅनिन आणि लघुपेशी फुप्फुसकर्करोगासाठी डीएलएल३ ही प्रथिने लक्ष्य केली. अशा प्रयोगांत मानवी अर्बुदपेशींत काजव्याचे ल्युसिफरेज जनुक घालून त्या उंदरात वाढवतात. पेशी मेल्या की त्यांची चमक मंदावते, आणि ती बाहेरून मोजता येते.

हे आकडे मात्र जपून वाचावेत. उंदराच्या छातीची भिंत इतकी पातळ, की बाहेर ठेवलेल्या दिव्याचाही प्रकाश फुप्फुसापर्यंत जातो. माणसाच्या ऊतीत तो जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो. त्यामुळे दुर्बिणीतून प्रकाशतंतू आत न्यावा लागेल. जपानने सप्टेंबर २०२० मध्ये या पद्धतीच्या पहिल्या औषधाला मान्यता दिली ती डोके व मानेच्या कर्करोगासाठी, जिथे प्रकाश पोहोचवणे सोपे. दुसरी अडचण प्रतिपिंडांची. त्या औषधातले सेटुक्सिमॅब उंदराच्या स्वतःच्या ग्राहीला चिकटत नाही, म्हणून निरोगी ऊतीला होणारी इजा उंदरात दिसतच नाही. शिवाय मानवी अर्बुद रुजावे म्हणून टी-पेशी नसलेले उंदीर वापरले, तर उपचारानंतर जागी होणारी प्रतिकारशक्ती तपासायची कशी?

या दृष्टीने आपोआप उद्भवणारी अर्बुदे अधिक बोलकी ठरतात. कुत्रीच्या स्तनग्रंथी छातीपासून पोटापर्यंत त्वचेलगत असतात, त्यांतल्या गाठी पशुवैद्यकांच्या नेहमीच्या पाहण्यातल्या, आणि तिथे प्रकाश सहज पोहोचतो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थांना हा अभ्यासविषय जवळचा आहे. त्यासाठी कुत्र्याच्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड, मालकाची संमती आणि संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची परवानगी लागेल.