विहिरींचे जुने आलेख

पारनेर, पाथर्डी, कर्जत या आमच्या अवर्षणाच्या तालुक्यांत विहिरीची खोली परस या मापात मोजत, पण तिचा भरवसा वेगळ्याच गोष्टीवर ठरे. उपसा थांबला की पाणी किती वेळात चढतं? पाणी येतं ते मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून, त्यामुळे एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरींचं उत्तर सारखं येईलच असं नाही.

या प्रश्नाचं गणित अमेरिकेतल्या चार्ल्स स्लिक्टर यांनी १९०६ मध्ये मांडलं. पाणी चढत जातं तसा झऱ्यांचा जोर ओसरतो. साध्या कागदावर त्याची वक्र रेषा उमटते. सेमी-लॉग कागदावर, म्हणजे वेळ साध्या अक्षावर आणि भरून यायची राहिलेली तूट लॉगच्या अक्षावर घेतली, की ती जवळजवळ सरळ होते. मग तूट दहापटीने घटायला लागलेला वेळ वाचायचा, की झालं. समजा सहा मीटर व्यासाच्या विहिरीत ही तूट दहा तासांत तीन मीटरवरून तीस सेंटिमीटरवर आली. तर तिची क्षमता तुटीच्या दर मीटरमागे मिनिटाला सुमारे १०८ लिटर. थाइस यांची उपसा-चाचणीची १९३५ ची पद्धत जगभर गाजली, पण ती अरुंद विहिरींसाठी होती. आमच्या ऐसपैस विहिरींत आधी साठलेलंच पाणी उपसलं जातं. रुंद विहिरींचा असा हिशेब पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये दिला.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विहिरींच्या शास्त्रीय चाचण्यांना जोर आला. त्या पिढीने हे आलेख पेन्सिलीने, हाताने काढले. मी भूजलाचं काम करतो. माझ्या हाती येतात ते बहुधा नुसते आलेख, नोंदवह्या केव्हाच गेलेल्या असतात. म्हणून आता त्यांच्या स्कॅनमधून पायथॉन या संगणकभाषेतल्या कोडने आकडे परत काढतो.

आधी कागदाचा तिरकेपणा काढायचा, मग छापील चौकटीचा रंग गाळून पेन्सिलीचे ठिपके वेगळे करायचे. लॉगच्या अक्षावरच्या दोन ओळखीच्या खुणा, समजा १ आणि १०, यांच्या पिक्सेलच्या जागा नोंदवायच्या. चित्रात पिक्सेल वरून खाली मोजले जातात, हे ध्यानात ठेवावं लागतं. खरी मेख पुढे आहे: अंतराचं प्रमाण आकड्यांना नव्हे, त्यांच्या लॉगला लावायचं आणि शेवटी दहाचा घात घ्यायचा. १ आणि १० च्या बरोबर मधला ठिपका ३.१६ असतो. साध्या प्रमाणाने तो ५.५ निघतो, आणि विहिरीचा सगळा हिशेब कोसळतो. १ ते १० अशा एका घराला ३०० पिक्सेल असतील तर एका पिक्सेलची चूक पाऊण टक्क्याच्या आसपास, आणि ती अक्षावर कुठेही तेवढीच. हाताने वाचणाऱ्याला इतकी बारकाई साधणं कठीण. तरीही कोडने काढलेले ठिपके मूळ चित्रावर परत मांडून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. कागदाची घडीसुद्धा ठिपका म्हणून मोजली जाते.

हिवरे बाजार गावाने पाऊस आणि पाणी मोजून पिकं ठरवली आणि सिंचनासाठी बोअर बंद ठेवले. असा निर्णय घ्यायचा तर आपल्या विहिरी पन्नास वर्षांपूर्वी किती वेगाने भरत होत्या, हे गावाला माहीत हवं. तुमच्या घरी किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात असे कागद असतील तर रद्दीत देऊ नका. सपाट ठेवून स्कॅन करा, अक्षांवरचे आकडे कापले जाऊ देऊ नका, आणि विहिरीचा गट नंबर, व्यास आणि चाचणीची तारीख सोबत लिहून ठेवा.